खवखव

आमच्या घरात घसा दुखण्याचं एकच कारण मान्य होतं: चिंचा-बोरं. शाळेच्या फाटकाशी टोपलीवाली बसायची आणि माझ्या खिशात तिखट-मीठ लावलेली बोरं असायचीच, त्यामुळे आरोप नाकारायची सोय नव्हती. आई दटावत गुळण्या करायला लावायची. आजी ज्येष्ठमधाची कांडी सहाणेवर उगाळायची, पिवळसर चाटणात मध कालवायची आणि बोटाने माझ्या जिभेवर ठेवायची. चार-सहा दिवसांत घसा मोकळा व्हायचा. श्रेय ज्येष्ठमधाला, दोष बोरांना. बहुतेक वेळा घसा धरतो तो विषाणूमुळे आणि आठवड्याभरात आपसूक बरा होतो, हे तेव्हा घरात कुणाच्या गावीही नव्हतं.

शेजारच्या वाड्यातल्या एका मुलीचा घसाही असाच बरा झाला. दोन-तीन आठवड्यांनी तिचे गुडघे सुजले, मग घोटे. पुढे हृदयाची झडप बिघडल्याचं कळलं. तिचं दुखणं स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचं होतं. एकदम चढलेला ताप, गळ्याला दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, आणि सर्दी-खोकला मात्र नाही, असं दिसलं की डॉक्टरांकडे जायचं ते यासाठी. पिंपरीच्या सरकारी कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिन तयार होत होतं. वेळेवर दिलं असतं तर हे टळण्यासारखं होतं. नंतर तिला तेच इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षं घ्यावं लागलं.

मी शिक्षिका झाले आणि घशाची तक्रार बदलली. वर्गावर पत्रे होते. जुलैत पाऊस त्यावर ताशा वाजवायचा आणि मी त्याच्यावर आवाज चढवून भूगोल शिकवायची. दिवाळीपर्यंत आवाज पार बसला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी लांब दांड्याचा छोटा आरसा दिव्यावर किंचित गरम केला, वाफ धरू नये म्हणून. माझी जीभ कापडाने धरून ते म्हणाले, ‘‘बाई, ‘ई’ म्हणा.’’ अशाच आरशाने १८५४ साली मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने उन्हाच्या तिरिपेत स्वतःच्या स्वरयंत्राची हालचाल पाहिली होती. माझ्या स्वरतंतूंवर गाठी धरू लागल्या होत्या. औषध जवळपास नव्हतंच: आवाजाला विश्रांती, घोटघोट पाणी, आणि कुजबुजणंसुद्धा बंद, कारण कुजबुजतानाही घशाला ताण पडतो.

निवृत्तीनंतर सकाळची खवखव सुरू झाली. ताप नाही, सर्दी नाही. नुसतं खाकरत राहायचं. वाफारे, हळद-दूध, खडीसाखर सगळं झालं. डॉक्टरांनी आधी ‘‘किती दिवस?’’ विचारलं, मग ‘‘मिश्री, तंबाखू?’’ आणि शेवटी ‘‘रात्री जेवता किती वाजता?’’ मालिका संपल्यावर जेवून लगेच आडवं होणं हे मूळ निघालं; झोपेत पोटातलं आम्ल घशापर्यंत चढत होतं. जेवण झोपेच्या तीन तास आधी आणलं, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या, आणि काही आठवड्यांत सकाळ सुधारली. कुणाच्या बाबतीत हेच काम नाकामागून घशात उतरणारा शेंबूड करतो, कुणाच्या बाबतीत उघड्या तोंडाने झोपणं, तर कुणाच्या बाबतीत धूळ.

घरगुती उपायांवरचा माझा जीव यामुळे कमी झालेला नाही. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून केलेल्या गुळण्यांनी आजही बरं वाटतं. फक्त उपायांना वय आणि प्रकृती कळत नाही, ती आपण पाहायची. वर्षाच्या आतल्या नातवाला मध चाटवायचा नाही. माझा रक्तदाब वाढलेला, म्हणून आजीचं ज्येष्ठमध मला रोज चालत नाही. त्याने तो आणखी चढतो.

घसा दुखला तरी दुखणं दर वेळी घशाचंच असतं असं नाही. म्हणून घरात कुणी खाकरलं की मी चौकशी करते. कधीपासून? ताप आहे? गिळताना त्रास होतो? आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलाय? मानेला गाठ, थुंकीत रक्त? यातल्या एकालाही ‘हो’ आलं, तर गुळण्या करत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा. श्वास अडत असेल किंवा लाळही गिळवत नसेल, तर त्याच क्षणी दवाखाना. गुळण्यांचं पाणी कोमट होईपर्यंत एवढं सगळं विचारून होतं.