दोष माहीत असलेली गाडी

जुनी मोटारसायकल घेताना माणूस काय काय पाहतो! टायर दाबून बघतो, किक मारून आवाज ऐकतो, धुराचा रंग न्याहाळतो आणि विकणाऱ्याचा चेहरा तर सगळ्यांत जास्त वाचतो. मला यातलं काहीच करावं लागलं नाही. माझ्या गाडीबरोबर तिच्या दोषांची वहीच आली होती.

गाडी येझदी रोडकिंग. १९८६ साली माझ्या सासऱ्यांनी बेळगावात नवी घेतलेली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून आधी जावा आणि पुढं येझदी या नावानं या गाड्या बाहेर पडत. मूळ घराणं चेकोस्लोव्हाकियाचं. पण आमच्या सासुरवाडीला त्याचं काही नाही, त्यांच्या लेखी ती आपल्या म्हैसूरची गाडी. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. २०२२ साली येझदी हे नाव नव्या गाड्यांवर पुन्हा आलं, पण दोन धूर सोडणारी ती जुनी रोडकिंग काही परत आली नाही.

२००९ मध्ये सासऱ्यांचे गुडघे किक मारायला कुरकुरू लागले. तेव्हा मी पेडण्यात नोकरीला नवा होतो आणि बसच्या वेळा सांभाळताना मेटाकुटीला येत होतो. गाडी फुकट घ्यायला मन धजेना, म्हणून मी दहा हजार रुपये पुढं केले. सासरे म्हणाले, “रोक्का आमेले, मोदल इदन्न केळ्री.” म्हणजे पैसे मागाहून, आधी हे ऐका. आणि त्यांनी ती शंभर पानी वही काढली.

वही कन्नडमध्ये. मी कन्नड बोलतो, बायकोच्या माहेरानं ते शिकवलं. पण अक्षर वाचता येत नव्हतं. मराठीत एम. ए. झालेल्या जावयाला हे कबूल करताना थोडी लाज वाटली. बायकोनं वाचून दाखवलं.

किक आणि गिअरचा दांडा या गाडीला एकच. आत दाबून फिरवला की किकचा गिअर होतो. आतले दाते झिजल्यामुळे दहातली एक किक घसरते, पोटरी सांभाळा. पावसाळ्यात पॉइंटला दमट हवा लागली की ठिणगी पडत नाही. पॉलिश पेपरनं हलकेच घासा. एक ऑइल सील जुनं आहे, त्यातून गिअरचं तेल इंजिनात ओढलं जातं. पांढरा धूर वाढला की गिअर ऑइलची पातळी बघा. सायलेन्सरमध्ये काजळी धरते, मग गाडी चढावर दम टाकते. आणि पुढच्या ब्रेकची केबल मुठीजवळ विसवते, एकेक तार तुटते. असे एकूण अकरा दोष. समासात लाल शाईनं काहीबाही लिहिलं होतं, ते तिनं वाचलं नाही आणि मीही विचारलं नाही. तेवढ्यात सासूबाईंनी पोहे आणले.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी, डिचोली करत मी गाडी पेडण्यात आणली. दुसऱ्या राज्यात वर्षाहून जास्त काळ गाडी ठेवायची तर तिथली नोंदणी करावी लागते. तीही ना-हरकत दाखला आणून रीतसर केली. पुढं वहीतले दोष एकेक करून भेटायला लागले. भगवतीच्या देवळासमोर पहिल्याच आषाढात ती बंद पडली, तेव्हा तिथल्या दोन दगडी हत्तींच्या शेजारी तिसरा हत्ती म्हणून मी अर्धा तास उभा होतो. पण मनात भीती नव्हती. पॉइंट घासला, सुरू झाली. दोष माहीत होता ना! मित्रांना मी अभिमानानं सांगत असे, “नवी गाडी तुम्हाला फसवील, माझी फसवणार नाही. तिचं सगळं मला ठाऊक आहे.”

याच ‘ठाऊक आहे’नं घात केला.

२०११ चा जुलै. मेस्त्रीकडं सायलेन्सर साफ करायला गाडी दिली होती. त्यानं पुढची मूठ दाबून पाहिली आणि म्हणाला, “सर, ही केबल आयज बदलया.” मी केबल बघितली. मुठीजवळच्या दोन-तीन तारा तुटून फुलासारख्या बाहेर आल्या होत्या. मी म्हटलं, “माहीत आहे मला. वहीत आहे ते. पुढच्या आठवड्यात करू.” केबलची किंमत काही फार नव्हती, घरी जायची घाई होती, इतकंच.

त्याच शुक्रवारी आम्ही म्हापशाच्या बाजाराला गेलो. परतताना पाऊस लागला. कोलवाळचा पूल झाला, धारगळ मागं पडलं आणि मालपेची उतरण सुरू झाली. मागं बायको, आमच्या दोघांच्या मध्ये तीन वर्षांचा मुलगा पेंगत होता. वळणाआधी मी पुढचा ब्रेक दाबला आणि मूठ एकदम सैल होऊन दांड्याला टेकली. केबल तुटली होती. मागचा ब्रेक दाबला, पण ड्रममध्ये पाणी शिरलेलं. लायनर ओला असला की तो नुसता घसरतो. गिअर उतरवले. टू-स्ट्रोक इंजिन उतारावर गाडीला फारसं धरून ठेवत नाही, हे मी वर्गमित्रांना कितीदा तरी ऐटीत सांगितलं होतं. त्या दिवशी ते मला कळलं. रस्त्याकडेला कोणीतरी मातीचा ढीग टाकला होता, त्यात गाडी घातली. आडवे झालो. बायकोचं कोपर सोलवटलं. मुलगा जागा होऊन रडू लागला. त्याला काही झालं नव्हतं.

चिखलात बसूनच तिनं तुटलेली केबल पाहिली आणि विचारलं, “निमग गोत्तित्तेन्री?” तुम्हाला माहीत होतं का?

लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. तिनं रागावून विचारलं असतं तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. तिनं साधंच विचारलं. मी ‘हो’ म्हटलं. घरी येईपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही.

रात्री तिनं कपाटातून वही काढली आणि या वेळी समासही वाचला. अकरापैकी नऊ दोषांपुढं सासऱ्यांनी लाल शाईनं लिहिलं होतं, ‘नडीतैती’. चालतं. किक घसरते? चालतं. धूर येतो? चालतं. दोन ठिकाणी मात्र निराळा शब्द होता. टायरपुढं आणि ब्रेकच्या केबलपुढं. ‘इवत्ते’. आजच्या आज.

सासऱ्यांना फोन केला. त्यांनी आधी नातवाची चौकशी केली, मग लेकीची. मग थोडं थांबून म्हणाले, “चूक माझी आहे. वही मी माझ्यासाठी लिहिली होती. तुम्हाला देताना मराठीत करून द्यायला हवी होती. मनात होतं, राहून गेलं.”

त्यांच्या या बोलण्यानं मला जास्तच ओशाळं झालं. कारण दोष भाषेचा नव्हता. मेस्त्रीनं मला समजेल अशा कोंकणीत ‘आयज’ म्हणून सांगितलं होतं. आज, आयज, इवत्ते. एकच गोष्ट मला तीन भाषांत कळली असती, तरी मी ‘पुढच्या आठवड्यात’च म्हटलं असतं. न कळलेल्या दोषाला माणूस घाबरून असतो. कळलेल्या दोषाशी त्याची घसट होते. गॅसची चिरलेली नळी, इस्त्रीची उघडी पडलेली वायर, आजीच्या खोलीबाहेरची हलणारी पायरी, या सगळ्या गोष्टी आपल्या घरात सर्वांना ‘माहीत’ असतात. पाहुण्याला आपण सांगतोही, “जरा जपून हं, ती पायरी हलते.” सांगितलं की ती बसवल्याचं समाधान मिळतं.

जुन्या गाडीचा प्रत्येक दोष काढायला बसलो तर गाडी कधी रस्त्यावर येणार नाही, हेही खरं. सासऱ्यांनी नऊ दोषांसह ती तेवीस वर्षं चालवली. कोणता दोष गाडी अडवतो आणि कोणता माणूस पाडतो, एवढं त्यांनी वेगळं केलं होतं. वापरलेली गाडी घेणाऱ्यानं विकणाऱ्याला दोष विचारावेत, आणि लगेच दुसऱ्या दिवशी ब्रेक, टायर आणि केबली बदलाव्यात. बाकीचं सवडीनं.

त्या दिवाळीत मी कन्नड बाराखडी गिरवायला घेतली. बायको शिक्षिका कडक होती. आता ती वही मी सावकाश का होईना, वाचतो. सासरे आज नाहीत. त्यांच्या अकरा दोषांखाली माझ्या मराठीतल्या नोंदी सुरू होतात आणि समास मीही सोडतो.

मुलगा यंदा अठरा वर्षांचा झाला. लायसन्स हातात आल्याबरोबर त्यानं किल्ली मागितली. मी आधी वही दिली. पायरीवर बसून त्यानं माझ्या नोंदी शेवटपर्यंत वाचल्या. शेवटची नोंद आठवड्यापूर्वीची होती : मागच्या ब्रेकचा लायनर झिजत आला आहे.

“बाबा,” तो म्हणाला, “याच्या समासात काहीच लिहिलं नाही तुम्ही.”

मी वही घेतली आणि समासात ‘आज’ असं लिहिलं. किल्ली खिशात ठेवली. मग आम्ही दोघांनी गाडी ढकलत मेस्त्रीकडं नेली.