दारचें विमान व शेजारचें भाडें

९ ऑक्टोबर २०२१ हा दिवस आमच्या घरीं सणासारखा गेला. वेंगुर्ले तालुक्यांतील चिपी-परुळें येथील विमानतळाचें त्या दिवशीं उद्घाटन होतें, आणि मुंबईहून येणारें पहिलें विमान आमच्या कुडाळनजीकच्या घरावरून जाईल कीं नाहीं यावर सकाळपासून वाद चालला होता. आमचे वडील नाना त्या वेळीं चौऱ्यायशीं वर्षांचे. ते काठी टेकीत अंगणांत जाऊन उभे राहिले, ते ऊन लागूं लागलें तरी आंत येईनात. विमान कांहीं दिसलें नाहीं. माडांच्या पलीकडून त्याची घरघर तेवढी ऐकूं आली. तेवढ्यावर त्यांचें समाधान झालें. आंत येऊन ते आईस म्हणाले, "ऐकलेंस ना? आतां मुंबई परगांव राहिली नाहीं." आईनें देवापुढें साखर ठेविली व ती सर्वांच्या हातावर दिली.

नानांच्या या उद्गाराची किंमत कळावयास त्यांनीं केलेले मुंबईचे प्रवास ठाऊक पाहिजेत. त्यांच्या लहानपणीं वेंगुर्ल्याच्या बंदरांतून आगबोट सुटे. पडावांत बसून ती गांठावयाची, डेकवर पथारी टाकावयाची, आणि पोटांतलें सारें ढवळून निघालें म्हणजे मुंबईच्या धक्क्यास लागावयाचें. पुढें आगबोटी गेल्या व एस्. टी.ची रात्रीची गाडी आली. १९९८ सालीं कोंकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत धांवूं लागली, तेव्हां नाना साठीच्या घरांत होते. ते नेहमीं म्हणत कीं, प्रवासाची प्रत्येक नवी सोय झाली तेव्हां आपल्या घरांतलें एक माणूस मुंबईस अधिक गेलें. विमानाविषयीं मात्र त्यांची समजूत निराळी होती. हें वाहन माणसें परत आणील, असें त्यांस वाटे.

तसें वाटण्यास कारणही होतें. आमचे वडील बंधू दादा मुंबईस एका पेढींत हिशेबनीस आहेत. नाना-आईंनीं आतां मुंबईस येऊन राहावें, हा त्यांचा कित्येक वर्षांचा आग्रह. आणि घर सोडावयाचें नाहीं, हा नानांचा तितकाच जुना हट्ट. विमानतळ झाला त्या दिवाळींत दोघांचा तह झाला. नाना म्हणाले, "माझें कांहीं बरेंवाईट झालें तर तूं सकाळीं निघून दुपारच्या आंत येथें पोंचूं शकतोस. हें जोंवर खरें आहे तोंवर आम्हांस येथून हालवूं नको." दादांनीं तें मान्य केलें. म्हणजे आमच्या घरचा तिन्हीसांजेचा दिवा कोठें लागावयाचा, हें त्या दिवसापासून चिपीच्या वेळापत्रकावर अवलंबून राहिलें.

नाना स्वतः पुढल्या वर्षीं एकदां त्या विमानानें मुंबईस जाऊन आले. दीड तासाच्या आंत प्रवास आटोपला, याचें त्यांस इतकें नवल वाटलें कीं, परत आल्यावर आठ दिवस भेटेल त्यास ते तीच हकीकत सांगत होते.

पुढें ५ जानेवारी २०२३ पासून गोव्यांतील पेडणें तालुक्यांत मोपा येथील विमानतळावरून विमानें ये-जा करूं लागलीं. आमच्या घरापासून ती महामार्गानें तासा-सव्वा तासाची वाट. त्या वर्षीं गणपतीस दादा, वहिनी व दोन्ही मुलें आलीं तीं मोपा येथें उतरून, मोटार करून. चिपीच्या मानानें मोप्याचें तिकीट माणशीं बाराशें रुपयांनीं कमी पडलें होतें. चौघांचे अठ्ठेचाळीसशें वांचले. मोटारीस तीन हजार गेले. निव्वळ बचत अठराशें. हा बेत दादांस आम्हींच सुचविला होता, आणि हा हिशेब सुचल्याबद्दल आम्हांस थोडा अभिमानही वाटला होता.

दुपारीं पानावर बसल्यावर नानांनीं सहज विचारलें, "चिपीस कां नाहीं उतरलांत?" दादांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं भाड्याची तफावत सांगितली. नाना कांहीं बोलले नाहींत. आमटी वाढावयास त्यांनीं आईस खूण केली. परंतु ज्या विमानतळाच्या मागणीच्या अर्जावर सह्या घेत आम्ही गांवोगांव हिंडलों होतों, त्याच्याकडे पहिली पाठ आम्हींच फिरविली होती, ही गोष्ट त्या क्षणीं आमच्या ध्यानांत आली.

संध्याकाळीं आरती झाल्यावर ओटीवर हाच विषय निघाला. आमचा धाकटा बंधू, जो घरींच राहून बागायत पाहतो, तावातावानें म्हणाला, "स्वस्त भाड्याच्या कंपन्या मोप्यास येतात, मग चिपीस कां नाहीं? धांवपट्टी तर अडीच हजार मीटरांची आहे. मोठें विमानही उतरेल." तेव्हां दादांनीं एका जुन्या पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनें हिशेब मांडून दाखविला. तो वाचकांसही उपयोगी पडेल म्हणून येथें देतों.

स्वस्त भाड्यानें विमानें चालविण्याची रीत अमेरिकेंत टेक्सस प्रांतांत साउथवेस्ट कंपनीनें १९७१ पासून रुळविली, आणि आपल्याकडे २००३ सालीं कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कननें ती आणिली. तिचें मर्म असें: शक्यतों सर्व विमानें एकाच जातीचीं, म्हणजे वैमानिक, यंत्रज्ञ व सुटे भाग सर्वांस सारखे चालतात; वर्ग एकच, आसनें दाटीनें मांडलेलीं; खाणेंपिणें व जादा सामान यांचे पैसे निराळे; आणि उतरलेलें विमान अर्ध्या तासांत पुन्हां आकाशांत. उभें असलेलें विमान कांहीं मिळवीत नाहीं, पण त्याचें व्याज व लोकांचे पगार चालूच असतात. आपल्या देशांत विमानाच्या खर्चाचा सुमारें ४० टक्के भाग एकटें इंधन खातें, आणि रिकाम्या आसनानें त्यांत फारशी बचत होत नाहीं. म्हणून अशी कंपनी एकच गोष्ट पाहते: रोज, जातांना आणि येतांना, विमान भरेल काय?

या कंपन्यांच्या सामान्य मोठ्या विमानांत १८० आसनें असतात. रोज एकच फेरी धरली तरी जाऊन-येऊन ३६० आसनें, वर्षाचीं १,३१,४००. दहांतलीं आठ भरलीं पाहिजेत असें म्हटलें तर वर्षास सुमारें १,०५,००० उतारू हवेत. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतींत साडेआठ लाखांच्या आंत होती. म्हणजे तान्हीं मुलें धरून दर आठ माणसांमागें एकानें दर वर्षीं त्या एका विमानानें प्रवास करावयास पाहिजे. बाहेरून येणारे पाहुणे या हिशेबांत भर घालतील हें खरें. पण आपली मुख्य गर्दी गणपतीची, शिमग्याची व मे महिन्याची, आणि तीही एकाच दिशेची. चतुर्थीच्या आधीं येणारें विमान भरतें, तेंच परततांना रिकामें. विसर्जनानंतर याच्या उलट. मोप्यास ही अडचण नाहीं. गोव्याचा समुद्र पाहावयास देशोदेशींचे लोक येतात आणि रोज तितकेच परत जातात. त्यांच्या जोरावर तेथें दिवसभर विमानें उतरतात, आणि कुडाळ-सावंतवाडीच्या माणसास त्या गर्दींत स्वस्त जागा मिळून जाते.

"मग दरभंग्याचें कसें झालें?" धाकट्यानें विचारलें. त्याचा प्रश्न बरोबर होता. बिहारांतील दरभंगा येथें लष्कराच्या विमानतळाच्या कडेस उतारूंची सोय करून ८ नोव्हेंबर २०२० रोजीं विमानें सुरू झालीं, तीं पहिल्यापासून स्वस्त भाड्याच्या कंपनीचीं व मोठीं. दिल्ली, मुंबई, बंगळूर येथें जाणारीं. आणि गर्दी अशी लोटली कीं, जागा पुरेना. दादा म्हणाले, "तेथें भोंवतालीं सारी मिथिला आहे. पाटणें शंभर मैलांच्या आंत असलें तरी जवळ म्हणतां येत नाहीं, आणि पोटासाठीं परगांवीं गेलेली माणसें बाराही महिने ये-जा करतात. आपल्याकडे माणसें थोडीं, आगगाडी दारांत, आणि शेजारीं मोपा." यावर धाकटा गप्प झाला.

मग चिपीस आलेलें विमान कशाच्या बळावर चालत होतें? सरकारच्या 'उडान' या योजनेच्या. २७ एप्रिल २०१७ रोजीं सिमला ते दिल्ली या फेरीनें तिचा आरंभ झाला. लहान गांवांच्या मार्गावर सुमारें निम्मीं आसनें ठराविक भाड्यानें द्यावयाचीं, आरंभीं तासाभराच्या प्रवासास अडीच हजार रुपये. त्यांत कंपनीस येणारी तूट तीन वर्षें भरून द्यावयाची. आणि त्या मुदतींत त्या मार्गाचा हक्क एकाच कंपनीस ठेवावयाचा. हेतु असा कीं, तीन वर्षांत लोकांस विमानाची संवय लागेल व पुढें मार्ग आपल्या पायांवर उभा राहील. प्रत्यक्षांत काय झालें तें महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालांत आलें आहे. तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकीं ४०३ मार्ग सुरूच झाले नाहींत. सुरू झालेल्या ३७१ पैकीं तीन वर्षें पुरीं केलीं तीं ११२ मार्गांनीं. आणि त्यापुढें मार्च २०२३ पर्यंत टिकले ते अवघे ५४.

चिपीचीं तीन वर्षें ऑक्टोबर २०२४ मध्यें पुरीं झालीं, आणि मुंबईचें तें विमान थांबलें.

त्या दिवाळींत दादांनीं जुना विषय पुन्हां काढला. त्यांच्या बोलण्यांत जयाचा सूर नव्हता. उलट ते फार हळू बोलले. तहाची अट सुटली होती. नानांनीं ऐकून घेतलें व म्हणाले, "मोपा आहे ना?" दादा म्हणाले, "मोपा आहेच. पण रात्रीअपरात्रीं तुम्हांस तेथवर नेणार कोण, आणि आम्हांस आणणार कोण?" आई उठून आंत गेली. घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत हें सर्वांस ठाऊक होतें. पण सत्याऐंशी वर्षांच्या माणसाची प्रकृतीही सर्वांच्या डोळ्यांसमोर होती.

त्या रात्रीं आम्हीं घरखर्चाच्या वह्या काढून बसलों. त्या तीन वर्षांत आमच्या घरच्या माणसांनीं विमानानें केलेले प्रवास मोजले. ते एकोणीस निघाले. त्यांतले चिपीहून झालेले पांच. आणि त्या पांचांतले चार मोपा सुरू होण्यापूर्वींचे. म्हणजे मोपा सुरू झाल्यावर, ज्या विमानावर नाना-आईंचें घरीं राहणें टांगलें होतें, त्या विमानांत आमचें सारें कुटुंब मिळून एकदां बसलें होतें. आम्हांस वाटतें, अर्जावर सह्या केलेल्या पुष्कळ घरांच्या वह्या अशाच निघतील. सरकारचें व कंपन्यांचें जें चुकलें असेल तें असो. आमच्या वहींतला आंकडा दुसऱ्या कोणाच्या माथीं मारतां येत नाहीं.

यावरून आमचें मत बनलें आहे तें सांगतों. चिपीस स्वस्त भाड्याचीं मोठीं विमानें रोज येतील ही आशा तूर्त सोडून द्यावी; ती धरून बसल्यानें हातचें जातें. आपल्या जोगें वाहन सत्तर-बहात्तर आसनांचें, पंख्यांचें लहान विमान हेंच. त्याच्या रोजच्या फेरीस वर्षाकाठीं बेचाळीस हजार उतारू पुरतात. म्हणजे दर वीस माणसांमागें एक. हें अशक्य नाहीं. गोव्याच्या 'फ्लाय ९१' या कंपनीनें मार्च २०२४ मध्यें अशाच विमानांनीं आरंभ केला, तेव्हां पहिल्या गांवांत सिंधुदुर्ग होतें. मुंबईची अडचण निराळी: तेथील दोन धांवपट्ट्या एकमेकींस छेदतात, त्यामुळें दोन्ही एका वेळीं चालत नाहींत, आणि उतरण्याची वेळ मिळाली कीं कंपनी ती मोठ्या विमानास देते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. त्यायोगें लहान विमानांसही जागा मागतां येईल. पण जागा मागणाऱ्याजवळ उतारू आहेत हें दाखवावें लागेल, आणि ते आपल्याच घरांतून निघावयास हवेत. कुडाळ स्टेशनापासून विमानाच्या वेळेस सुटणारी एक बरी बस, पाहुण्यांस आषाढांतही कोंकण दाखविण्याची खटपट, हीं कामें लहान आहेत, पण दिल्लीस अर्ज करण्याहून तीं आपल्या अधिक हातचीं आहेत.

आमच्या घरापुरता निर्णय असा झाला. नाना-आईंनीं पावसाळा मुंबईस काढावा व गणपतीस घरीं यावें. बाकीचे महिने घर त्यांचें. आणि ज्या मार्गावर चिपीहून विमान असेल त्या मार्गावर, माणशीं पांचशें रुपयांपर्यंत अधिक पडले तरी, चिपीहूनच जावयाचें. दादांनीं विचारलें, हे पांचशें खर्चांत कोणत्या सदरीं लिहावयाचे? नाना लगेच म्हणाले, "माझ्या नांवें लिहा. माझ्या घरीं राहण्याचें तें भाडें."

वहींत तसा रकाना घातला आहे. त्यांत आजपर्यंत दोन नोंदी झाल्या आहेत. नाना अधूनमधून वही मागवितात, तो रकाना पाहतात, आणि तिसरी नोंद कधीं, म्हणून विचारतात.