तंबोरा लावणे

गायला बसण्याआधी तंबोरा लावावा लागतो, आणि आज नेमके तेच टाळण्याची सोय झाली आहे. मोबाइलवर पट्टी निवडली की षड्ज-पंचम सुरू होतात. खुंटी पिळायला नको, तार तुटायची धास्ती नको. तरीही आम्ही गाणाऱ्यांनी लाकडी तंबोऱ्याशी बांधील राहावे, असे मी आग्रहाने म्हणतो. कारण तंबोरा लावणे ही रियाजाची पूर्वतयारी नव्हे, तो रियाजच आहे.

लावताना काय घडते ते पाहा. खुंट्यांनी तारा ढोबळ मिळवायच्या, मग मणी सरकवून बारीक. जोडाच्या दोन तारा जवळ आल्या की त्यांच्यात आंदोलने ऐकू येतात; ती मंदावत थांबली की जोड मिळाला. घोडीवर तारेखालचे सूत किंचित सरकवले की जवारी खुलते आणि खर्जातून कुणी न छेडलेला गंधार उमटतो. मूळ स्वराच्या पाचपट कंपनसंख्येचा हा गंधार हार्मोनियमच्या प्रचलित गंधारापेक्षा अर्धस्वराच्या साधारण सातव्या हिश्शाने उतरलेला असतो. हा फरक वाचून समजतो, पण गळ्यात उतरतो तो कानाने शोधल्यावरच. मिरजेचे कारागीरही जवारी कानानेच काढतात. त्यांच्या तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण ते वाद्य जिवंत राहील ते रोज लावणाऱ्यांमुळे.

यावर आक्षेप रास्त आहेत. तंबोरा महाग असतो, लहान घरात त्याला जागा नसते, प्रवासात भोपळा सांभाळणे कठीण. ज्याला तो परवडत नाही, त्याने यंत्रावर अवश्य गावे. सूर न धरता गाण्यापेक्षा ते कितीतरी चांगले. दुसरा आक्षेप असा की यंत्र अचूक असते, तारा मात्र दमट हवेत आणि दिव्यांच्या उष्णतेत हलतात. हे खरेच आहे. पण तारा हलतात म्हणूनच गाणाऱ्याला अखंड ऐकत राहावे लागते. यंत्र आयता सूर देते. तो बरोबर आहे का, हे ठरवण्याची जबाबदारी मात्र काढून घेते. ती जबाबदारी रोज घेतल्यानेच कान तयार होतो. म्हणून ज्यांच्या घरी तंबोरा गवसणीत पडून आहे, त्यांना विनंती आहे: तो बाहेर काढा, आणि उद्याच्या रियाजाआधी स्वतः लावा.