हुपरीची पैंजणे आणि एक राहिलेला हिशेब

निवृत्तीनंतर प्रवासाला निघण्यासाठी मला कुणाचे तरी निमित्त लागते. या खेपेस ते नातीने दिले. रोज कॉलेजला जाताना घालता येतील अशी, हलकी आणि फारशी न वाजणारी पैंजणे तिला हवी होती. आणि ती हाताने घडवलेलीच असावीत, असा तिचा आग्रह होता. सौ. म्हणाली, "मग हुपरीलाच जाऊ. वाटेत बाहुबलीचे दर्शनही घडेल."

हातकणंगले तालुक्यातील कुंभोजजवळच्या बाहुबली क्षेत्री आम्ही सकाळीच पोहोचलो. भगवान बाहुबलींच्या २८ फूट उंच संगमरवरी मूर्तीसमोर काही वेळ शांत बसलो. अंगावर एकही अलंकार नसलेल्या त्या मूर्तीचे दर्शन घेऊन दागिने घ्यायला निघालो, याचे मनाशी थोडे हसूही आले. पुढे दोन्ही बाजूंना उसाचे मळे, मधूनच ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, आणि मग हुपरी.

हे गाव रौप्यनगरी म्हणून ओळखले जाते. पण येथील चांदीचा उद्योग केवळ पेढ्यांवर चालत नाही, तो घराघरांतून पसरलेला आहे. एका घरी चांदी मुशीत वितळते, दुसऱ्या घरी तिची तार ओढली जाते, तिसऱ्या घरी तारेच्या कड्या होऊन एकमेकींत गुंफल्या जातात. कुठे झाळण्याचे काम, कुठे घुंगरू बसवण्याचे, तर कुठे अखेरची झळाळी देण्याचे. अनेक घरांतील स्त्रिया दुपारची आवराआवर झाली की कड्या जोडायला बसतात. आपल्या घरातील एका पैंजणावर असे किती हात फिरलेले असतात, याची आपल्याला कल्पनाही नसते.

मला ती असायला हवी होती. १९८७-८८च्या सुमारास मी याच भागातील एका शाखेत कर्जविभाग पाहत होतो. एक तरुण कारागीर छोटे यंत्र घेण्यासाठी कर्ज मागायला आला होता. मी विचारले, "तारण काय देणार?" तो म्हणाला, "चांदी व्यापाऱ्याची असते, साहेब. माझे म्हणाल तर हे हात." मी नियमाप्रमाणे 'पुरेसे तारण नाही' असा शेरा मारला. नियम चुकीचा नव्हता. पण त्या तरुणाचे काम पाहायला एकदाही त्याच्या घरी गेलो नाही, ही चूक माझी होती.

आम्ही ज्या दुकानात शिरलो, त्याच्या मागल्या खोलीतच काम चालू होते. दुकानदारांनी, "बसा की, साहेब," म्हणत गालिच्यावर जागा करून दिली. सौ.ने जोडवी, वाळे, करदोटे पाहिले. आणि शेवटी बारीक कड्यांची, टोकाला एकच घुंगरू असलेली पैंजणे निवडली. वजन झाले, शुद्धता पाहिली, त्या दिवसाचा भाव लावला. खाली मजुरीची ओळ आली आणि माझ्यातला जुना अधिकारी जागा झाला. "मजुरी जरा जास्त वाटते," मी म्हणालो.

दुकानदार शांतपणे म्हणाले, "चांदीत सोडण्यासारखे काही नसते, साहेब. तिचा भाव बाजार ठरवतो. गिऱ्हाईक 'कमी करा' म्हणाले की ते मजुरीतूनच जाते. चांदी लाखावर गेली, तेव्हापासून तर जास्तच."

"विचार करून येतो," म्हणून आम्ही उठलो. जेवणाची वेळ झाली होती. जवळच एका घरगुती खाणावळीत बसलो. 'कांदा-लसूण नको' हे प्रवासात ठिकठिकाणी समजावून सांगावे लागणारे वाक्य येथे पुरते उच्चारावेही लागले नाही. या भागात आपली घरे पुष्कळ आहेत. ज्वारीची गरम भाकरी, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा खर्डा, म्हशीचे घट्ट दही आणि शेवटी गूळ-तूप. कोल्हापूरकडचा तिखटपणा हिंग-जिऱ्यावरही तितकाच खुलतो, हे त्या जेवणाने दाखवून दिले. वाढणाऱ्या बाई भाकरी तव्यावरून थेट ताटात आणत होत्या. मी समाधानाने पैसे दिले, वर दोन शब्द कौतुकाचेही बोललो.

बाहेर पडताच सौ.ने विचारले, "अहो, थाळीचे पैसे देताना ज्वारीचा भाव विचारलात का?"

मी काहीच बोललो नाही. ताटातल्या ज्वारी-मुगाचे वजन करून उरलेल्या रकमेवर आपण कधी घासाघीस करत नाही. रांधणाऱ्या हाताचे मोल आपण जेवणात धरूनच चालतो. मग घडवणाऱ्या हाताचे मोल तेवढे वेगळ्या ओळीत का दिसते, आणि दिसताच का खुपते?

परत गेलो. मागल्या खोलीत जाऊन काम पाहण्याची परवानगी मागितली. एक वयस्क कारागीर चिमट्याने कडीत कडी अडकवत होते. काम संपल्यावर तिथली जमीन झाडून धूळसुद्धा जपून ठेवतात, कारण तिच्यातही चांदीचे कण असतात. धुळीचा हिशेब होतो, घट किती आली याचा होतो. कमरेच्या आणि डोळ्यांच्या झिजेचा मात्र कुठल्याच वहीत होत नाही. मी त्या जुन्या तरुणाची चौकशी केली. पण नाव मलाच आठवत नव्हते. कारागीर म्हणाले, "त्या वेळचे बरेच जण काम सोडून कारखान्यांत गेले, साहेब."

मजुरी पूर्ण दिली. यात औदार्य काही नव्हते. फार उशिरा दिलेला एक लहानसा हप्ता होता.

आपण व्यापारी घरांतील माणसे. भाव करणे हा आपला स्वभाव आहे आणि त्यात गैर काहीच नाही. धातूचा भाव जरूर पारखावा, शुद्धता तपासून घ्यावी, पावती मागावी. फक्त मजुरीच्या ओळीवर पेन टेकवण्यापूर्वी एकदा मागल्या खोलीत डोकावून यावे, एवढेच सुचवावेसे वाटते.

नात आता ती पैंजणे रोज घालते. ती फारशी वाजत नाहीत. पण मला ऐकू येतात.