शब्द वगळलेले गाणे

गाण्यातून शब्द काढून घेतले की उरते ती नुसती चाल, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. जॉन कोल्ट्रेनच्या १९६१ सालच्या ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ या तबकडीने तो ठामपणा डळमळला. तिच्यातली चारही गाणी अमेरिकी रंगभूमीवरची, लोकांच्या ओठी बसलेली. शीर्षकगीत १९५९च्या ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या संगीतिकेतले. मन धास्तावले की आवडत्या वस्तू आठवाव्यात, एवढाच त्याचा आशय. सोप्रानो सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन ते जवळजवळ १४ मिनिटे वाजवतो. मॅककॉय टायनरचा पियानो दोनच स्वरमेळांभोवती घुमत राहतो. (तानपुऱ्याची उपमा देण्याचा मोह मी आवरतो.) आणि मूळ गीतातला तो धास्तीचा भाग? कोल्ट्रेन तो अगदी शेवटापर्यंत रोखून धरतो. मला ती धास्ती स्वरांत ऐकू येते, की शब्द आधीच ठाऊक असल्यामुळे? मूळ गीत न ऐकलेल्या विद्यार्थ्यांना ही तबकडी ऐकवली. बहुतेकांना कंटाळा आला. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र म्हणाली, “सर, इतका वेळ लपवलेले काहीतरी हा शेवटी सांगतो आहे.”

टिपणवहीतले माझे जुने वाक्य मी अजून खोडलेले नाही.