लाल गोळी

सुरत शहर सोडून हजिऱ्याच्या वाटेला लागले की कापडबाजाराचा गजबजाट मागे पडतो आणि खाऱ्या वाऱ्याबरोबर कारखान्यांची धुरांडी दिसू लागतात. मुलाच्या नोकरीनिमित्त या वसाहतीत राहावयास आल्यापासून त्या वाऱ्याची मला सवय झाली आहे. आमच्याकडे कामाला येणारी नंदुरबारकडची मुलगी जवळच मोरा गावातील एका खोलीत राहते. गेल्या वर्षी तिला दिवस गेले. पाचव्या महिन्यातील तपासणीत हिमोग्लोबिन ७.९ भरले आणि सरकारी दवाखान्यातून तिला लाल गोळ्या मिळाल्या.

सकाळी ती आली की मी तिला आधी चहा देत असे. "मावशी, चहासोबत घेतली की मळमळत नाही," असे म्हणून ती गोळी त्या चहाबरोबरच गिळे. मला माझ्या माणुसकीचे थोडे कौतुकच वाटे. महिन्याने पुन्हा तपासणी झाली तेव्हा आकडा जेमतेम हलला होता. गोळी कशाबरोबर घेतेस, एवढेच परिचारिकेने विचारले. चहातील तुरट द्रव्य लोहाला धरून ठेवते, ते अंगी लागू देत नाही. माझा चहाच गोळीचा गुण हिरावून घेत होता.

त्या रात्री मला थोरल्या काकूंची आठवण झाली. मी त्यांना पाहिलेले नाही. १९५३ साली, पहिल्या बाळंतपणात त्या गेल्या. "पांढरीफटक पडली होती, पायांवर सूज होती," असे आई सांगे. आमच्या घरात दाणागोटा कमी नव्हता. परंतु धाकट्या सुनेपासून थोरल्या सुनेपर्यंत सर्वजणी पुरुषांच्या मागून, उरलेसुरले जेवत. प्रसूतीच्या वेळी निरोगी स्त्री जेवढा रक्तस्राव सहन करते, तेवढाही रक्तक्षय झालेल्या स्त्रीला पेलत नाही. घरात मात्र त्या घटनेला नशीब असेच नाव पडले.

काकूंच्या मृत्यूच्या पंचवीस वर्षे आधी, १९२८ साली, लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेत राहून अभ्यास केला. रोगजंतू सापडेनात, तेव्हा त्यांनी या बायकांच्या ताटात पाहिले. भाजीपाला, फळे, कसदार अन्न त्यात जवळजवळ नव्हतेच. तसाच निकृष्ट आहार देऊन माकडांत तो आजार उत्पन्न केला, आणि मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने तो बरा होतो, हे दाखविले. पुढे रुग्ण स्त्रियांनाही गुण आला. १९३१ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. अर्कातील ते द्रव्य म्हणजे फोलिक आम्ल. १९४१ साली पालकाच्या पानांतून ते वेगळे काढले गेले आणि १९४५ पर्यंत प्रयोगशाळेत तयारही होऊ लागले.

काकूंचे दुखणे लोहाच्या अभावाचे होते की या द्रव्याच्या, हे आता सांगता येणार नाही. दोहोंवरही इलाज त्या काळी होता; आमच्या माजघरात तो पोहोचला नव्हता. भारतात गरोदर स्त्रियांना लोह व फोलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला.

हे शोध ज्यांच्यामुळे लागले त्या गिरणीतील बायकांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. १९९३ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा अभ्यास आरंभला, तेव्हाही प्रश्न ताटाचाच होता. ज्या मातांच्या जेवणात पालेभाज्या, फळे, दूधदुभते अधिक, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली आढळली. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातेतील दर १०० गरोदर स्त्रियांपैकी ६० हून अधिक स्त्रियांना रक्तक्षय होता. आपण येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेली माणसे. खानदेशातून सुरतेच्या यंत्रमागांवर आलेली कुटुंबे आपल्याच भाषेची आहेत, एवढे आपल्याला माहीत असते. त्यांच्या घरी शेवटी कोण जेवते, हे आपण विचारीत नाही. ते आमच्या घरीही कोणी विचारले नव्हते.

गोळ्यांनी बाळ फार मोठे होते आणि बाळंतपण अडते, अशी तिच्या सासूची समजूत होती. दोनदा मोऱ्याला जाऊन मी त्या बाईंशी बोललो. सुनेने सर्वांबरोबर जेवावे, हेही सुचविले. पहिल्या खेपेस त्या नुसत्याच हसल्या. नवव्या महिन्यात आकडा १०.४ झाला आणि सुखरूप प्रसूती होऊन मुलगी झाली.

बाळंतपणानंतरही सहा महिने गोळी घ्यावयाची असते. आता ती लेकीला घेऊन येते, तेव्हा मी तिला आधी लिंबाचे पाणी देतो. चहा दोन तासांनी.