दांड्यांवरून

वाळूत तीन लाकडी दांडे आडवे ठेवलेले असतात. मनगटाहून जाड, पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांचे, आणि इतके बुटके की बोलता बोलता माणूस ते ओलांडून जाईल. चार वर्षांचा कुमैत घोडा त्यांच्या दिशेने वळतो आणि एकाएकी बदलतो. कान ताठ होतात, मान उंच जाते, नाकपुड्या फुलतात, ढांग आखडते. मग एक तर तो दांड्यापाशी येऊन खिळतो, नाही तर कमरेएवढी भिंत असावी तशी उडी घेतो आणि पलीकडे पोचताच उधळतो.

एवढंसं लाकूड आणि एवढं मोठं जनावर! पण घोड्याचे डोळे कसे बसवलेले आहेत ते कळलं की त्याची घालमेल समजू लागते. ते डोक्याच्या दोन्ही अंगांना असतात. पाठीमागून दबकत येणारा वाघ दिसावा म्हणून निसर्गाने त्याला जवळजवळ सगळं क्षितिज एका वेळी बहाल केलं आणि त्या बदल्यात कपाळासमोरचा आणि नाकाखालचा एक तुकडा काढून घेतला. दांडा त्याला दुरून दिसतो, जवळ येत जातो, आणि पाय उचलायच्या ऐन क्षणी नजरेआड होतो. शेवटची ढांग घोडा आठवणीवर टाकतो.

ही गोष्ट समजल्यापासून मी हा खेळ वेगळ्या नजरेने बघू लागले. शिकवणाऱ्याच्या हातात खरं तर एवढंच असतं: घोड्याच्या डोक्यात त्या दांड्याची कोणती आठवण राहू द्यायची.

मी राहते पहाडगंजात. नवी दिल्ली स्टेशनातून सकाळची यलो लाइन पकडायची, छत्तरपूरला उतरायचं, तिथून रिक्षा. पुढे एका शेतघराच्या आवारात वाळूचं रिंगण आहे. घोडदळातून निवृत्त झालेले एक रिसालदारसाहेब तिथे कोवळे घोडे तयार करतात. जुन्या मराठीत त्यांना चाबुकस्वार म्हटलं असतं, पण त्यांच्या हातात चाबूक मी क्वचितच पाहिला आणि घोड्याच्या अंगाला लागलेला कधीच नाही. घोड्यावर त्यांची एक तरुण शिष्या असते. मी कुंपणाला टेकून उभी राहते. थंडीत धुकं असलं तर घोडा दिसण्याआधी त्याचा श्वास ऐकू येतो.

रिसालदारसाहेब सुरुवातीला एकच दांडा ठेवतात. पहिले काही दिवस घोडा त्यावरून नुसता चालतो, लगाम सैल, मान खाली. त्याला वास घ्यायचा असेल तर घेऊ देतात. खूर लागून दांडा गडगडला तर गडगडू देतात. लाकूड हलतं पण चावत नाही, हे त्याचं त्यालाच कळायला हवं. मग दुडकी. दुडकीसाठी दोन दांड्यांत सव्वा मीटरच्या आसपास अंतर लागतं. कॅंटरची पाळी त्यानंतर फार उशिरा येते. तेव्हा अंतर तीन मीटरच्या जवळपास जातं, पण पुस्तकातला आकडा फक्त सुरुवातीला. घोड्याची ढांग बघून साहेब दांडा पायानेच चार बोटं मागे सारतात, पुन्हा बघतात, पुन्हा सारतात. कोवळ्या घोड्यासाठी अंतराने वाकायचं, घोड्याने अंतरासाठी नाही, हा त्यांचा दंडक आहे.

कॅंटर ही चाल मुळातच सुंदर आहे. डाव्या हाताच्या कॅंटरमध्ये आधी मागचा उजवा पाय टेकतो, मग मागचा डावा आणि पुढचा उजवा एकदमच, शेवटी पुढचा डावा. आणि त्यानंतर एक क्षण चारही पाय अधांतरी. तीन ठोके आणि एक रिकामी जागा. दांडा त्या रिकाम्या जागेत यायला हवा. तसा आला तर घोड्याला उडी मारावीच लागत नाही, त्याच्या चालीतच तो मावून जातो. दर ढांगेला घोड्याचा एक श्वास होतो, हे मला इथेच कळलं. पुढचे पाय टेकले की पोटातला भार पुढे सरकून श्वास बाहेर लोटला जातो, अधांतरी क्षणात तो आत येतो. म्हणून घोडा शांत आहे की नाही, ते डोळे मिटूनही सांगता येतं. फुर्र, फुर्र असा एकसारखा आवाज येत असला तर बरं चाललंय. श्वास अडकला की साहेब हात वर करतात आणि पुन्हा एकच दांडा.

घाईने धावणाऱ्या घोड्याकडे बघून पुष्कळांना वाटतं, काय उमेद आहे! साहेबांच्या मते ती बहुतेक वेळा भीती असते. दांडा लवकर मागे पडावा म्हणून तो धावतो. अशा वेळी स्वाराचे हात आपोआप आवळतात, तोंड ओढलं जातं, आणि दांडा म्हणजे तोंडाला दुखणं अशी गाठ घोड्याच्या मनात बसते. ती सुटायला महिने लागतात. इटलीच्या घोडदळातल्या फेदेरिको काप्रिल्ली या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हे ओळखलं. तोवरचे स्वार अडथळ्यावर मागे रेलून लगाम खेचत. त्याने पुढे झुकायला, पाठीवरचं ओझं हलकं करायला आणि मान मोकळी सोडायला शिकवलं. 1868 मध्ये जन्मलेला हा माणूस 1907 मध्ये घोड्यावरून पडून गेला, अवघ्या चाळिशीच्या आत. पण आज जगातला प्रत्येक स्वार उडीवर जसा बसतो ते त्याचं देणं आहे. छत्तरपूरची ही मुलगी खोगिरावरून किंचित उठते आणि हात घोड्याच्या मानेबरोबर पुढे जाऊ देते, तेव्हा मला त्याची आठवण होते.

आपल्याकडे वनपर्वात नळाची कथा आहे. बाहुक होऊन तो ऋतुपर्णाचा रथ हाकतो आणि पुढे राजाला अश्वहृदय नावाची विद्या देतो. घोड्याचं हृदय जाणण्याची विद्या असते, ती एकाकडून दुसऱ्याला देता येते आणि तिच्या मोबदल्यात द्यूताचं रहस्य मागता येतं, असं मानणाऱ्या लोकांचा मला अभिमान वाटतो.

आता पहाडगंजाकडे येते, कारण घोडे तिथेही आहेत. स्टेशनाबाहेर आणि सदर बाजाराच्या बाजूला टांगे असत. 2010 च्या सुमारास महापालिकेने ते बंद केले. उरल्या त्या लग्नाच्या घोड्या. कार्तिकी एकादशी सरली की नूतन मराठी शाळेच्या आणि बृहन्महाराष्ट्र भवनाच्या आसपासच्या रस्त्यांवरूनही वराती निघतात. ढोल, ट्रम्पेट, डोक्यावर धरलेले दिवे, फटाके, रिक्षांचे भोंगे, आणि मधोमध पांढरी नुकरी घोडी, कपाळावर झालर, पाठीवर आयुष्यात पहिल्यांदाच घोड्यावर बसलेला नवरदेव. ती हलतसुद्धा नाही. इतकी वर्षं मी त्या स्तब्धतेला शांतपणा समजत होते. रिंगणात श्वास ऐकायला शिकल्यावर तिच्याकडे जवळून पाहिलं. काही घोड्यांच्या पोटऱ्या ताणलेल्या असतात, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत असतो, आणि तोंडात काटे असलेला लगाम असतो. असा लगाम वापरायला 1965 च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. ओझी वाहणाऱ्या आणि गाडीला जुंपलेल्या जनावरांसाठी ते नियम झाले. तरी काटे दिसतात. अशी घोडी दुखेल म्हणून उभी असते. त्या वरातीतल्या एकाही माणसाने तिच्या तोंडात बघितलेलं नसतं, आणि ते बघायला हवं. पैसे देणाऱ्याने विचारलं तर काटे निघतील.

पण सगळ्या घोड्या तशा नसतात. आमच्या गल्लीच्या टोकाला एक चाचा घोडी ठेवतात. तिचा लगाम साधा, मधे एक सांधा असलेला. तिचा श्वास खोल चालतो आणि ढोलावर ती खालचा ओठ सैल सोडून उभी राहते. ही कशी तयार केली, असं विचारलं, तर त्यांनी सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले. पुष्करच्या जत्रेतून तिला तिसऱ्या वर्षी आणलं आणि पहिला सगळा हंगाम कामाला लावलंच नाही. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एक पोरगा हळूहळू ढोल वाजवायचा आणि इथे हिच्या तोबऱ्यात भिजवलेले हरभरे. कान वळले, अंग थरथरलं, की ढोल बंद. मग ढोल थोडा जवळ. मग दोन ढोल. तुतारी बऱ्याच महिन्यांनी. चाचांनी छत्तरपूरचं रिंगण पाहिलेलं नाही आणि काप्रिल्लीचं नाव ऐकलेलं नाही. रिसालदारसाहेब जसा एकेक दांडा वाढवतात, तसा त्यांनी एकेक आवाज वाढवला होता. ज्याने घोड्याजवळ मन लावून आयुष्य काढलं, तो बहुधा इथेच येऊन पोचतो.

पानिपत इथून नव्वद किलोमीटरवर आहे. 14 जानेवारी 1761 च्या त्या संध्याकाळी महादजी शिंदे दक्षिणी घोडीवरून दूर निघाले होते, एक अफगाण स्वार पाठीवर होता, आणि थकलेली घोडी एका चरात कोसळली, अशी कथा सांगतात. स्वाराने पायावर घाव घातला. राणेखान भिश्त्याने त्यांना बैलावर घालून वाचवलं. पाय जन्मभर अधू राहिला आणि त्याच महादजींनी दहा वर्षांनी, 1771 मध्ये, मराठी फौज दिल्लीत आणली. ही कथा वाचताना माझं लक्ष त्या घोडीवरच अडकतं. भीतीने आणि थकव्याने पळणाऱ्या जनावराला समोरचा चर दिसत नाही. दिसला तरी ढांग जुळवायला श्वास उरलेला नसतो.

शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानाचे लान्सर्स 1953 मध्ये जयपूरच्या आणि म्हैसूरच्या स्वारांबरोबर नव्या घोडदळ पलटणीत मिसळले. तीच आजची 61 कॅव्हलरी. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये याच पलटणीच्या रघुबीर सिंग यांनी शहजादा नावाच्या घोड्यावर इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं आणि सांघिक सुवर्णही भारतालाच मिळालं. इव्हेंटिंगमध्ये एकाच घोड्याला आधी रिंगणात डौलाने चालायचं असतं, मग रानातले ओंडके, खंदक, पाणी पार करायचं असतं, आणि शेवटी थकलेल्या पायांनी हलके दांडे न पाडता उडायचं असतं. पुढचं सुवर्ण यायला 41 वर्षं लागली. 2023 मध्ये हांगझोला ड्रेसाजच्या संघाने ते आणलं, त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. या सगळ्या घोड्यांची सुरुवात कुठे तरी जमिनीवर ठेवलेल्या एका दांड्यानेच झाली असणार.

घोड्याच्या मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते. म्हणून साहेब कुमैताला रोज दांड्यांवर घेत नाहीत आणि घेतलं तरी थोडा वेळच. मालकाला घाई आहे. हिवाळ्यात स्पर्धा असतात, चार वर्षांच्या घोड्याला चांगली किंमत येते. साहेब त्याला चहा पाजतात, सगळं ऐकून घेतात आणि काम आपल्याच गतीने करतात.

परवा तिन्ही दांडे कॅंटरच्या अंतराने मांडले होते. पहिला नीट गेला. दुसऱ्यावर मागचा खूर लागला, दांडा इंचभर सरकला आणि तिसऱ्यापर्यंतचं अंतर तेवढंच कमी झालं. मुलीने काही केलं नाही; हात तसेच, पाठ तशीच. कुमैताने स्वतःच ढांग आखडली, मान जरा खाली घेतली आणि तिसरा दांडा ओलांडून त्याच ठेक्यात पुढे गेला, फुर्र, फुर्र. त्या मुलीला अजून एकदा करायचं होतं. मलाही बघायचं होतं. साहेबांनी तिला उतरायला लावलं, तंग दोन भोकं सैल केला आणि साइसाला सांगितलं, उद्या दांडे काढूच नका, याला टेकडीवरून नुसतं फिरवून आणा.